मास्तरांचा उशीर

कमळेचं काम उंच बाईला देऊ नये, हे दुरपताबाईंचं पहिलं मत. देखण्या बाईला तर मुळीच देऊ नये, हे दुसरं. कारण देखणी बाई रडतानाही आपण कशा दिसतो याचाच विचार करते, आणि शेवटच्या रांगेत गोणपाटावर बसलेल्या माणसालासुद्धा ते कळतं. तिसरं मत त्या बोलून दाखवत नसत, पण अख्ख्या वडशाला ते पाठ होतं. कमळेचं काम दुरपताबाईंनीच करावं, आणि आता गुडघे उभं राहू देत नाहीत, तर ते कोणीच करू नये.

त्यामुळे मुंबईच्या चित्रपट कंपनीतून आलेल्या ऋजुता पेंडसेनं समोर एका नटीचा फोटो धरला, तेव्हा बाईंनी तो चष्मा न लावताच पाहिला.

"ही कोण?"

"कायरा. सध्या पडद्यावर हिचंच नाव आहे, आजी."

"मी तुझी आजी नाही. बाई म्हण. हिचा चेहरा इस्त्री केल्यासारखा आहे. नवरा लढाईत हरवला आहे त्या कमळेचा. परटाकडून आल्यासारखी दिसली तर लोक म्हणतील, बरं झालं हरवला, सुटला."

ऋजुता हसली. बाई हसल्या नाहीत. हसणाऱ्या पाहुण्यावर त्यांचा विश्वास नसे.

वडसा म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचं ठाणं. धान कापून झालं की गावोगावचे लोक इथं येऊन नाटक ठरवतात आणि थंडीभर मंडप पडत राहतात. सिनेमा आला, टीव्ही आला, मोबाइल आला, मग डोळ्यांवर चढवायचे चष्मे आले. झाडीपट्टी हलली नाही. हललं होतं ते मुंबईचं. तिकडं नवं लिहिणं जवळजवळ थांबलं होतं. जुनी नाटकं, जुने सिनेमे, जुनी गाणी पुन्हा नव्यानं पडद्यावर आणायची आणि नव्यानं आपटायची, असं चाललं होतं. आता बाईंच्या नाकाडे मंडळाच्या 'उसनं कुंकू' या संगीत नाटकावर कंपनीची नजर पडली होती. हक्क बाईंकडे होते. बाईंना फक्त सहीपुरतं लिहिता येई, आणि तेवढं लिहायलाही त्या फार वेळ घेत.

"पत्ता कोणी दिला तुले आमचा?" त्यांनी विचारलं.

ऋजुतानं दाराकडे पाहिलं. दारात चहा घेऊन सून उभी होती, रंजना. तिनं मान खाली घातली, आणि बाईंना जे समजायचं ते समजलं.

रंजना आठेक वर्षं मंडळात कमळा करत होती. सूर सच्चा, उच्चार स्वच्छ, कष्टाला वाघीण. तरी बाईंचं तिच्या कामाबद्दलचं मत एका वाक्यात संपे: "भाकर गोल आहे, पण फुगली नाही." हे त्या तिच्या तोंडावर म्हणत, पाहुण्यांसमोर म्हणत, एकदा तर जाहिरातीच्या फलकाखाली उभ्या राहून म्हणाल्या होत्या. रंजना ऐकून घेई. इतकं मुकाट ऐकून घेणारी बाई मनात काहीतरी शिजवत असते, असा बाईंचा संशय होता. तो आता खरा निघाला. पोरगी मुंबईला पळायच्या बेतात होती.

"हे काम कोणी करायचं ते कोण ठरवणार? तू?"

"मी नाही. दिग्दर्शकही नाही. साक्षी ठरवेल."

"ती कोणाची पोरगी?"

साक्षी म्हणजे यंत्र. ऋजुतानं ते समजावून सांगितलं आणि बाईंनी अडवून अडवून समजून घेतलं. माणूस श्वास घेतो तेव्हा त्याची छाती बोटाच्या पेराहूनही कमी वर येते. सभागृहाच्या भिंतींवर पांढऱ्या पाट्या लावायच्या. त्या डोळ्याला न दिसणाऱ्या लहरी सोडतात. लहरी बसलेल्या प्रत्येकाच्या छातीवर आपटून परत येतात, आणि परतीत पडणाऱ्या बारीक फरकावरून प्रत्येकाच्या श्वासाची एक रेघ पडद्यावर उमटते. नाटक रंगत नसेल तेव्हा दोनशे माणसांच्या दोनशे रेघा आपापल्या चालीनं चालतात. रंगायला लागलं की त्या नकळत एका चालीवर येतात. आणि खरोखर काळजाला हात गेला की सगळ्या एकदम सपाट होतात. सगळं सभागृह श्वास रोखतं. कंपनीत त्या सपाट रेघेला 'दम' म्हणत. दम जितका लांब, तितकी नटी खरी.

"टाळी विकत घेता येते, बाई. डोळ्यांतलं पाणीसुद्धा. पण शेजारच्या अनोळखी माणसाबरोबर एकाच क्षणी श्वास रोखायचं सोंग दोनशे माणसांना करता येत नाही."

"सोंग कोणाले करता येते न् कोणाले नाही, हे तू मले सांगते?" बाई म्हणाल्या. "वन्स मोअर द्यायले आम्ही माणसं पेरत होतो. तिसऱ्या रांगेत एक, मागं झाडाखाली एक. तुझ्या पाट्यांपुढं कोण बसन? तुमची माणसं?"

"अर्धी तुम्ही आणा."

बाईंनी कबूल केलं. रंजना आणि कायरा, दोघींनी एकच प्रवेश करायचा. जिचा दम मोठा, तिची कमळा. रंजना निवडली गेली तर तिनं चित्रीकरण संपेपर्यंत मुंबईत राहायचं.

"आणि इथं कोण करन?" बाईंनी सुनेकडे पाहून विचारलं.

"तुम्हीच म्हणता ना आई, माझी भाकर फुगत नाही म्हणून," रंजना कप गोळा करता करता म्हणाली. "मग कोणी का थापेना."

*

मंगल कार्यालयात भर दुपारी प्रयोग झाला. बाईंनी आधी जाऊन पाट्या हातानं चाचपल्या, मागे वायर कुठं जाते ते पाहिलं, आणि कंपनीच्या बाजूनं आलेल्या प्रेक्षकांना एकेक करून गाव विचारलं. आरमोरीचा एक माणूस दोनदा नाक पुसत होता; त्याला खूण ठरवून दिली असावी असं वाटून त्यांनी त्याची जागा बदलली.

प्रवेश तोच, ज्याच्यासाठी लोक बैलगाड्या जुंपून येत. कमळेचा नवरा लढाईवर गेलेला, पत्र नाही, पत्ता नाही. गाव म्हणतं, गेला. सासू तिला पाटावर बसवते आणि विचारते, "हे कुंकू कोणाच्या नावानं लावलंस?" कमळा म्हणते, "ज्यानं पुसा म्हणून अजून सांगितलं नाही, त्याच्या." आणि पद सुरू होतं, 'दिवा लाविते मी वाऱ्याच्या हाती'.

कायरा आली. रडली फार सुंदर. बाई शेजारच्या शेवंताला म्हणाल्या, "नाकाले धक्का न लावता रडते पोट्टी. शाबास आहे." शेवंता मंडळात सासूची कामं करी, कायराला प्रश्न विचारून ती नुकतीच खाली आली होती आणि आता रंजनालाही तोच विचारायचा होता, म्हणून ती हसू दाबून उठली.

मग रंजना. तिच्या कानात नेहमीसारखा मोती होता.

या मोत्याचं सांगायला हवं. झाडीपट्टीत पाठांतराची चाल नाही. नट कुठकुठून आलेले, आज हे नाटक, उद्या ते. तालमी करायला सवड कोणाला? म्हणून रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक खड्डा असतो. त्यात प्रॉम्प्टर बसतो, लोकांकडे पाठ आणि नटांकडे तोंड करून. तो वाक्य देतो, नट ते कानानं उचलतो आणि स्वतःच्या पोटातून आल्यासारखं बोलतो. नाकाडे मंडळाचे प्रॉम्प्टर म्हणजे बाईंचे यजमान कवडूजी. सगळे त्यांना मास्तर म्हणत; बाईही मास्तरच म्हणत. माणूस सज्जन, आवाज मऊ, अक्षर ओळखण्यात पक्का. खोड एकच. ऐन मोक्याला वाक्य उशिरा द्यायचे. शेजारणीचं "आज भाजी काय" हे वाक्य झटकन द्यायचे, आणि कमळेचं काळीज फुटायची वेळ आली की खड्ड्यात सामसूम. बाई पाटावर बसून तळमळत. प्रयोग संपून ट्रकमधून परतताना त्यांची तोफ सुटे. "झोपले होते का खड्ड्यात? का ऑर्गनवाल्याच्या बाजूले नजर होती, ते नवी नाचणारी उभी होती तिथं?" मास्तर कानांवर घोंगडी ओढून घेत. एवढ्या जन्मात त्यांनी उत्तर दिलं नाही. बायकोला टाळ्या पडतात ते बघवत नाही याला, असा बाईंचा पक्का ग्रह झाला होता, आणि तो त्यांनी मास्तरांच्या तेराव्यालाही सोडला नव्हता.

मास्तर गेले आणि बाजारात मोती आला. कानात घालायचा, हरभऱ्याच्या डाळीएवढा. समोरच्याचं वाक्य संपलं रे संपलं की तो पुढचं वाक्य कानात सांगतो. पापणी लवायच्या आत. बाईंनी तो सगळ्यांत आधी घेतला. खड्डा फळ्या ठोकून बुजवला आणि म्हणाल्या, "आता उशीर नाही."

"हे कुंकू कोणाच्या नावानं लावलंस?" शेवंतानं विचारलं.

"ज्यानं पुसा म्हणून अजून सांगितलं नाही, त्याच्या," रंजना म्हणाली. लगेच. चोख.

निकाल आला. दोघींचाही दम तोकडा. कायराचा किंचित बरा, रंजनाचा त्याहून कमी. साक्षीला कंपनीनं चारलं असेल म्हणावं, तर कंपनीच्या कायरालाही तिनं चांगलं म्हटलं नव्हतं. बाई त्या यंत्राकडे जरा वेळ डोळे बारीक करून बघत राहिल्या. इतका निर्लज्ज खरेपणा त्यांनी आजवर फक्त स्वतःत पाहिला होता.

घरी रंजनानं मुकाट स्वयंपाक केला, मुकाट वाढला. मग पाठमोरीच म्हणाली, "तुम्ही खूश आहात, आई."

"मी काहून खूश होऊ?"

"चहात दुसऱ्यांदा साखर मागितली तुम्ही."

बाईंनी ताट पुढं ओढलं. खूश त्या होत्याच. सून घरात राहणार होती. पण घास गिळताना रंजनाच्या पाठीची हालचाल दिसत होती, आणि ती भांडी आवरण्याची नव्हती.

*

आठवड्यानं ऋजुता पुन्हा आली. बाईंच्या मुलाकडून, मोरेश्वरकडून, तिनं 'उसनं कुंकू'च्या एका जुन्या प्रयोगाची कॅसेट मागून नेली होती. ती साक्षीला ऐकवली होती.

"बाई, एवढा मोठा दम साक्षीनं आजवर कुठं नोंदवला नाही. तुमच्या कमळेचा."

स्तुती करणारा माणूस तोंडानं बोलतो आणि डोळ्यांनी दाराची कडी बघतो, हे बाईंना ठाऊक होतं. "कॅसेटवर श्वास कसा दिसला तिले? तेव्हा पाट्या होत्या का भिंतीले? भिंतीच नव्हत्या, कनात होती."

"श्वास नाही, खोकला. थंडीतले उघड्यावरचे प्रयोग, त्यामुळे हजारो माणसांत सतत कोणीतरी खोकतं. माणूस रंगला की खोकायचं विसरतो. खोकले थांबले की समजायचं, दम लागला. साक्षी टेपमधले आवाज धाग्यासारखे वेगळे करते. नटांचा एक, वाद्यांचा एक, लोकांचा एक." ऋजुतानं चौथं बोट उचललं. "पण चौथाही एक निघाला. खालून येणारा. हळू. पुरुषाचा."

रंजना पाण्याचा तांब्या घेऊन आत येत होती, ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"बनवलेला आवाज," बाई ताडकन म्हणाल्या. "मले माहीत नाही का? आजकाल मेलेल्या माणसाच्या तोंडून मृत्युपत्र वदवून घेतात लोक. पलीकडच्या गल्लीत सासऱ्यानं मेल्यावर तीन महिन्यांनी वावर धाकट्याच्या नावानं केलं. फोनवर. मास्तरांचा आवाज मले ऐकवून तुमाले सही पाहिजे, होय ना?"

"सही नको, अर्थ पाहिजे," ऋजुता म्हणाली. "हा आवाज नाटकातली वाक्यं देतो. पण मध्येच दोन शब्द असे आहेत की ते संहितेत कुठंच नाहीत. आमचे लोक म्हणतात, साक्षी चुकली असेल. नाटकात म्हैस आहे का, बाई?"

"म्हैस?"

"तो म्हणतो, 'म्हैस सुटली.'"

उंबऱ्यातून रंजनानं सासूकडे पाहिलं. बाई ऋजुताकडे बघत होत्या, पण त्यांचा उजवा हात आपोआप डाव्या खांद्याकडे गेला आणि पदर वर ओढून नीट करून खाली आला.

ही खूण लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामातली. पदात जीव ओतताना बाईंचा पदर खांद्यावरून ढळायचा, आणि पुढच्या रांगांतले बाप्ये पद सोडून तेवढंच बघायचे. खड्ड्यातून "पदर सांभाळ" म्हणावं तर पेटीवाल्याला ऐकू जाई. म्हणून मास्तरांनी म्हैस सोडली. दोघांत ठरलेलं, तिसऱ्या जिवाला न सांगितलेलं. मुलालाही नाही. म्हैस सुटली की पदर ओढायचा. जगातलं कुठलंही यंत्र दुसरं काहीही बनवील. ही म्हैस कोणाला बनवता आली नसती, कारण ती कोणाला माहीतच नव्हती.

"नाही," बाई म्हणाल्या. "नाटकात म्हैस नाही." आणि कान पुढं करून, "लाव. पुढचं."

ऋजुतानं बाकीचे धागे बंद केले आणि दोनच ठेवले, लोकांचा आणि खालचा. स्वतःचा आवाज त्यात नाही हे बाईंना आधी खटकलं. मग ऐकू आली ती गर्दी. लेकरू कुरकुरत होतं. कोणीतरी शेंगा फोडत होतं. सासूचा प्रश्न येऊन गेला असावा, कारण शेंगा थांबल्या. डावीकडे कोणी खोकलं. मागं एक खोकलं. लेकरू गप्प झालं.

मास्तर वाक्य देत नव्हते.

बाईंना ती रिकामी जागा ओळखीची होती. त्या तिथं बसल्या होत्या, पाटावर, कपाळाचं कुंकू घामानं ओघळत, डोळे खड्ड्याकडे लावून, मनातल्या मनात नवऱ्याला शिव्या घालत. तेव्हा त्यांना फक्त सामसूम ऐकू आली होती. आता ऐकू आलं की त्या सामसुमीत मास्तर पुटपुटत होते. नटीला ऐकू जाऊ नये इतकं हळू, जसं गाडीवान बैलाशी बोलतो.

"थांब, दुरपते. थांब. एक जन अजून खोकून रायला."

लांब कुठंतरी एक शेवटचा खोकला. त्यानंतर काहीच नाही. हजारो माणसं, आणि काहीच नाही.

"आता," मास्तर म्हणाले, आणि वाक्य दिलं.

ऋजुतानं आवाज बंद केला. ती काही समजावून सांगणार होती, बाईंनी हात वर करून तिला थांबवलं. समजावण्यासारखं उरलं नव्हतं. लोकांकडे पाठ करून बसलेला माणूस पाठीनं लोक ऐकत होता. ज्या दमावर दुरपता नाकाडे नाव झालं, तो दम खड्ड्यातून निघत होता, आणि त्यासाठी त्या त्याला ट्रकभर लोकांसमोर झोपाळू म्हणाल्या होत्या.

आणि मग त्यांच्या ध्यानात दुसरी गोष्ट आली. ती जास्त वाईट होती. खड्डा बुजवला कोणी? मोती आणला कोणी? आठ वर्षं भाकर फुगत नव्हती, आणि त्या थापणारीलाच बोल लावत होत्या. तवा त्यांनीच काढून घेतला होता.

"पुन्हा एकदा लाव तुझ्या पाट्या," त्या ऋजुताला म्हणाल्या. "रंजना करन. कानात मोती नाही घालणार."

"मग वाक्य कोण देणार?"

"मी."

रंजना तांब्या तसाच धरून उभी होती. ऋजुता गेल्यावर तिनं तो खाली ठेवला.

"तुम्हाला वाचता येत नाही, आई."

"मले वाचायची काय गरज? अख्खी कमळा माझ्या पोटात आहे."

"ते नाही म्हणत मी." रंजना पहिल्यांदाच सरळ डोळ्यांत बघून बोलत होती. "तुम्ही वाक्य द्याल ना? मी पाटावर बसीन, समोर दोनशे लोक, आणि तुमच्या हातात माझी जीभ. मी मुंबईला जाऊ नये असं तुम्हाला वाटते. तुम्ही नुसत्या गप्प बसल्या, तरी झालं."

संशय घेणं हा आपला एकटीचा मक्ता आहे असं बाईंना वाटत आलं होतं. सुनेच्या तोंडून तो ऐकताना त्यांना राग यायला हवा होता. तो आला नाही.

"भेव वाटते तर मोती घाल," त्या म्हणाल्या. "जो कधी उशीर करत नाही, त्याचा भरवसा सोपा."

*

मंगल कार्यालयात खड्डा नव्हता. बाईंनी मंचाच्या पुढे पाट मांडून घेतला आणि लोकांकडे पाठ करून बसल्या. गुडघ्यांनी कुरकुर केली, त्यांना त्यांनी शिवी दिली. आज प्रेक्षक कोणाचे, कुठले, हे त्यांनी विचारलं नव्हतं. मागं वळून बघता येत नाही म्हटल्यावर विचारून करायचं काय?

रंजना आली. तिचा कान रिकामा होता.

पहिली वाक्यं बाईंनी भराभर दिली. मास्तर देत तशी. रंजना उचलत होती, थोडी अडखळत, पण आता तिचं लक्ष कानातल्या डाळीकडे नव्हतं, समोर होतं. बाईंच्या तोंडाकडे. तिच्या डोळ्यांत भीती होती, आणि ती कमळेला शोभत होती.

शेवंता पुढे आली. "हे कुंकू कोणाच्या नावानं लावलंस?"

वाक्य बाईंच्या जिभेवर तयार होतं. ते त्यांनी दातांमागे धरलं.

पाठीमागे खुर्ची करकरली. कोणी घसा खाकरला. उजवीकडे एक खोकला. रंजना बघत होती. तिची नजर म्हणत होती, आता द्या. मग म्हणू लागली, देणार ना? बाईंच्या पाठीला कान फुटल्यासारखं झालं; एवढ्या वर्षांत लोकांकडे तोंड करून त्यांना जे ऐकू आलं नव्हतं, ते सगळं पाठीवर पडत होतं. खोकले एकेक करून विझत होते. करकर थांबली. आणि त्यांना कळलं की अजून थोडं, अगदी थोडं जास्त थांबलं, तर हा ताण तुटेल, लोक चुळबुळ करतील, कोणीतरी हसेल, आणि पोरगी घरी राहील. कोणाला कळणारही नाही. बाई म्हाताऱ्या झाल्या, विसरल्या, एवढंच म्हणतील.

रंजनाच्या डोळ्यांतलं "देणार ना" हळूहळू मावळलं. आता तिथं प्रश्न नव्हता. ज्याचं पत्र येणार नाही अशा माणसाची वाट बघणाऱ्या बाईकडे जे असतं, ते होतं. कमळा होती.

एक आवाज अजून येत होता. बारीक, किणकिणता. बाई चिडल्या, कोण आहे ते? मग त्यांनी खाली पाहिलं. त्यांच्याच हातातल्या बांगड्या थरथरत होत्या.

त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट गच्च धरलं. किणकिण थांबली. मागं काहीच उरलं नाही.

"आता," दुरपताबाई म्हणाल्या, आणि वाक्य दिलं.

"ज्यानं पुसा म्हणून अजून सांगितलं नाही," रंजना म्हणाली, "त्याच्या."

मंचाच्या कडेला यंत्रापाशी बसलेली ऋजुता उठून उभी राहिली होती. तिच्या समोरच्या पडद्यावरच्या रेघा सपाट झाल्या की नाही हे बाईंना दिसलं नाही. तिचा हात तोंडावर गेलेला दिसला, आणि पुढचा निकाल वाचून दाखवायची गरज राहिली नाही. पोरगी चालली मुंबईला.

पेटीनं सूर दिला आणि रंजनानं पद उचललं. 'दिवा लाविते मी वाऱ्याच्या हाती.' बाई ऐकत होत्या. दुसऱ्या ओळीला ती अजून घाई करते, तिथं सबुरी पाहिजे. तानेला तोंड फार उघडते. हे सगळं घरी गेल्यावर सांगायचं होतं. पण भाकर टम्म फुगली होती, त्याला काही करता येत नव्हतं. तिसऱ्या ओळीवर जीव ओतून रंजना पुढे झाली, आणि तिचा पदर खांद्यावरून सरकायला लागला. मुंबईत तर पडद्यावर तो घराएवढा दिसेल. बाईंच्या तोंडून, विचार करायच्या आत, निसटलं:

"म्हैस सुटली."

म्हणाल्या आणि जीभ चावली. हिला काय कळणार? आता गाताना थांबेल, गोंधळेल, सगळं मातीत जाईल.

रंजना थांबली नाही. सूर तसाच वर नेत तिनं हात खांद्याकडे नेला, पदर ओढून कमरेला खोचला, आणि सासूकडे बघून डोळ्यांतल्या डोळ्यांत हसली.

पद संपलं, टाळ्या पडल्या, कोणीतरी मागून वन्स मोअर म्हणालं, आणि तो माणूस आपण पेरलेला नव्हता हे बाईंना पक्कं माहीत होतं. पण त्यांचं तिकडं ध्यान नव्हतं. त्या मनगट तसंच धरून बसल्या होत्या आणि घरातला एकेक माणूस डोळ्यांपुढं आणून बघत होत्या. मोरेश्वरला माहीत नाही. शेवंताला माहीत नाही. मास्तर तर कोणाला एक शब्द सांगणारे नव्हते.

मग हिला कोणी सांगितलं?